सायरस मॅककॉर्मिक व त्याचा सोबती जो अँडरसन

कापणीचे दिवस आले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून उपकारस्तुतीची उपासना होते. व्यासपीठापुढें ज्वारीचीं कणसें, गव्हाच्या पेंढ्या, भोपळे व टोपल्यांतून धान्य मांडलेलें असतें. त्या पेंढ्यांमागें किती जणांचीं कंबरडीं दुखलीं असतील, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. विळा हातीं घेऊन उन्हांत दिवसभर वांकून राहणें काय असतें, हें शहरवासी लोक पुस्तकांत वाचतात. आमचे वाचक तें अंगानें जाणतात. म्हणून आज आम्ही अशा एका गृहस्थाचें चरित्र सांगणार आहों कीं, ज्यानें हा विळा मनुष्याच्या हातांतून काढून घोड्याच्या गाड्यास बांधिला. आणि तें सांगतांना त्याच्या एका सोबत्याचीही गोष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण पुष्कळ पुस्तकांत ह्या सोबत्यास एका ओळीवर जागा मिळालेली नाहीं.

सायरस हॉल मॅककॉर्मिक ह्याचा जन्म अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतीं, वॉलनट ग्रोव्ह नामक शेतवाडीवर, ता. १५ फेब्रुवारी १८०९ रोजीं झाला. आठ भावंडांत तो वडील. घराणें स्कॉटलंडांतून आयर्लंडांत व तेथून अमेरिकेंत आलेलें, प्रेस्बिटेरियन मताचें व शब्बाथ कडक पाळणारें. बाप रॉबर्ट हा शेतकरी खरा, पण त्याचा अर्धा जीव लोहारशाळेंत असे. कापणीचें यंत्र बनवावें हा ध्यास त्यानें कित्येक वर्षें घेतला होता. त्यानें तीं करून पाहिलीं, शेतांत नेलीं आणि पीक गुंतून पडलेलें पाहून पुन्हां लोहारशाळेंत आणून टाकिलीं. शेवटीं १८३१ सालीं त्यानें तो नाद सोडिला. तेव्हां बावीस वर्षांच्या सायरसनें तो उचलिला.

त्याच लोहारशाळेंत जो अँडरसन नांवाचा एक काळा तरुण घण मारीत असे. तो साधारण सायरसच्याच वयाचा. दोघे एकाच वाडीवर वाढले. परंतु एक मालकाचा मुलगा आणि दुसरा मालकाचा गुलाम. जो ह्याचा देह, त्याची मजुरी व त्याचा सारा दिवस कायद्यानें दुसऱ्याच्या मालकीचा होता. तापलेलें लोखंड ऐरणीवर धरणारा व त्यावर घाव घालणारा ह्यांचा मेळ बसल्यावांचून लोहारकाम होत नाहीं, हें आमच्यांतील लोहार बंधूंस ठाऊकच आहे. यंत्राची कल्पना सायरसची होती, परंतु तें घडविण्यांत जो ह्याचे हात होते, हें पुढें मॅककॉर्मिक घराण्यानेंही मान्य केलें.

यंत्र होतें तरी कसें? बाजूस एक मोठें चाक. घोडा गाडा ओढूं लागला म्हणजे तें चाक फिरे व त्याच्या फिरण्यानें करवतीसारखे दांते असलेलें एक सरळ पातें मागेंपुढें सरके. पात्यापुढें लोखंडी बोटें असत. तीं देंठांस धरून ठेवीत, म्हणून देंठ पात्यापुढें लवून निसटत नसे. वर रहाटासारखें एक लांकडी चक्र फिरे, तें उभें पीक पात्याकडे लववी. कापलेलें पीक मागील फळीवर पडे व बरोबर चालणारा मनुष्य दंताळ्यानें तें ओढून जमिनीवर टाकी. कडेला एक फाळ असे, तो कापावयाचें पीक राहिलेल्या पिकापासून वेगळें करी. बापाचें अनेक वर्षें जेथें अडलें होतें, तेथें मुलाचें ह्या जुळणीनें निभावलें.

१८३१ च्या जुलै महिन्यांत शेजारच्या स्टील्स टॅव्हर्न ह्या ठिकाणीं एका ओटच्या शेतांत हें यंत्र लोकांसमोर चालविलें. फळीवरचें पीक दंताळ्यानें ओढीत यंत्राबरोबर चालणारा मनुष्य जो अँडरसन होता, असें परंपरा सांगते. पुढल्या वर्षीं लेक्झिंग्टन गांवीं दुसरी परीक्षा झाली. तेथील शेत उंचसखल होतें. यंत्र हेलकावे खाऊं लागलें, जमलेले लोक हंसूं लागले आणि आपलें पीक नासतें म्हणून मालकानें काम थांबविलें. तेव्हां शेजारच्या एका जमीनदारानें आपल्या कुंपणाचें फाटक उघडून दिलें. त्याच्या शेतांत यंत्रानें त्याच दिवशीं सहा एकर पीक कापलें, असें सांगतात. ज्यांनीं लांब दांड्याच्या मोठ्या विळ्यानें दिवसाकांठीं दोन तीन एकरांवर मजल कधीं मारली नव्हती, त्यांस हें केवढें वाटलें असेल!

ता. २१ जून १८३४ रोजीं सायरसनें सरकारकडून पेटंट, म्हणजे आपल्या शोधाच्या हक्काची सनद, मिळविली. ओबेद हसी नामक दुसऱ्या एका शोधकानें आपल्या निराळ्या यंत्राची सनद १८३३ च्या डिसेंबरांतच घेतली होती. ह्या दोघांचा झगडा पुढें पुष्कळ वर्षें चालला. तो सारा सांगत बसल्यास हा अंक पुरणार नाहीं.

एवढें झाल्यावर यंत्रें भराभर खपलीं असतील, असें कोणास वाटेल. तसें मुळींच झालें नाहीं. बापलेकांनीं त्याच सुमारास लोखंड गाळण्याची एक भट्टी काढिली. १८३७ सालीं साऱ्या अमेरिकेंत व्यापाराची मोठी मंदी आली, लोखंडाचा भाव पडला आणि भट्टी बुडाली. वाडी गहाण पडण्याची वेळ आली. सावकारांनीं एकेक वस्तु पाहिली, पण लोहारशाळेंतल्या त्या यंत्राकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं, अशी आख्यायिका आहे. कर्ज कसें वाढतें व घरांतली झोंप कशी नेतें, ह्याविषयीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस शिकविण्याची जरूर नाहीं. मॅककॉर्मिक कुटुंबानें पळवाट शोधिली नाहीं. श्रम करून तें ऋण फेडलें. ह्या गोष्टीबद्दल आम्ही सायरसची मनापासून प्रशंसा करितों.

कर्ज फेडण्यास साधन म्हणून त्यानें पुन्हां यंत्राकडे दृष्टि वळविली. १८४२ सालीं सात यंत्रें विकलीं, १८४३ त एकुणतीस, १८४४ त पन्नास. सारीं त्या लोहारशाळेंत घडविलेलीं. मग पश्चिमेकडून मागण्या येऊं लागल्या. त्या काळीं अमेरिकेंत पश्चिम म्हणजे ओहायो, इलिनॉय, विस्कॉन्सिन इत्यादि नव्या वसाहतींचा सपाट मुलूख. ईस्टर्न किनाऱ्याकडील लोक बिऱ्हाड गाड्यांत घालून तिकडे जात होते. व्हर्जिनियाहून तेथें यंत्र धाडणें म्हणजे एक यात्राच. डोंगर ओलांडून गाड्यानें कालव्यापर्यंत, कालव्यानें रिचमंडपर्यंत, तेथून समुद्रमार्गें न्यू ऑर्लीन्स बंदरीं आणि मग आगबोटीनें मिसिसिपी नदीवरून उलट उत्तरेस. इतकें करून कांहीं यंत्रें पोंचलीं तेव्हां कापणी होऊन गेली होती!

म्हणून १८४४ सालीं सायरस स्वतः पश्चिमेस निघाला. टपालाच्या घोडागाडींत बसून त्यानें सुमारें तीन हजार मैल प्रवास केला. इलिनॉयमध्यें त्यानें जें पाहिलें, त्यानें त्याच्या आयुष्याची दिशा फिरली, असें त्याचे चरित्रकार लिहितात. पिकलेला गहूं क्षितिजापर्यंत उभा आणि कापावयास माणसें नाहींत; आठ दहा दिवसांत दाणे झडून जाणार, म्हणून शेतकऱ्यांनीं डुकरें व गुरें त्या उभ्या पिकांत सोडिलेलीं. व्हर्जिनियाच्या टेकड्यांवर त्याचें यंत्र एक नवल होतें. येथें त्याची नड होती.

येथपासून त्याचा पत्रव्यवहार वाढला. विल्यम व लिअँडर हे धाकटे भाऊ वाडीवर यंत्रें घडवीत. सायरस कधीं सिनसिनाटीस, कधीं न्यू यॉर्क प्रांतीं, आणि पत्रें डोंगरांवरून जात येत. किती यंत्रें झालीं, ओतीव लोखंडाचे भाग कोठून आणावे, कोणाकडून पैसा यावयाचा राहिला, कोणत्या कारखान्यास आपलें यंत्र करण्याचा परवाना द्यावा, हेच विषय. परवाना घेतलेल्या कांहीं कारखान्यांनीं वाईट माल घातला व बदनामी मात्र सायरसची झाली. तेव्हां आपला स्वतःचा कारखाना पश्चिमेसच काढल्यावांचून गति नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यांतच १८४६ च्या जुलैंत बाप वारला. आतां जुन्या वाडीस बांधून ठेवणारें असें विशेष कांहीं उरलें नाहीं.

ह्या दिवसांतील त्याचीं पत्रें निव्वळ हिशेबाचीं नाहींत. एका पत्रांत तो धंदा व धर्म ह्यांविषयीं लिहितो: ह्या दोहोंत वैर नाहीं, योग्य तो यत्न करून झाल्यावर मनुष्याच्या मनास जो भरंवसा पाहिजे तो धर्मानेंच मिळतो, पण आपल्यापुरतें पाहतां आपण ह्यांत फार उणे आहों, संसारांत अगदीं बुडून गेलों आहों, अशी त्याची कबुली आहे. दुसऱ्या एका पत्रांत, देवाचें साह्य नसतें तर ह्या जबाबदारीच्या भारानें आपण खचलों असतों, अशा अर्थाचें लिहिलेलें आढळतें. त्याच्या विजयाच्या गोष्टींपेक्षां हीं पत्रें आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात. जो दुकान चालवितो, शेती पाहतो किंवा मिशनचा हिशेब ठेवितो, त्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याच्या मनांत असा वाद कधीं ना कधीं चालतोच.

१८४७ सालीं त्यानें शिकागो येथें नदीच्या उत्तर तीरावर कारखाना घातला. आज जगप्रसिद्ध असलेलें हें शहर त्या वेळीं दलदलीवर वसलेलें सुमारें सतरा हजार वस्तीचें गांव होतें. आगगाडी अजून यावयाची होती. परंतु सरोवर जवळ, कालवा होऊं घातलेला आणि भोंवतालीं गव्हाचा मुलूख. त्या शहराचा पहिला मेयर विल्यम ऑग्डन ह्यानें त्यास भांडवल दिलें. पुढील कापणीसाठीं पांचशें यंत्रें तयार झालीं. मग भाऊही एकामागून एक शिकागोस येऊन धंद्यांत शिरले.

सारें घर पश्चिमेस निघालें; जो अँडरसन मात्र निघाला नाहीं. इलिनॉयमध्यें गुलाम ठेवण्याची मनाई होती. तो व्हर्जिनियांतच राहिला व मालकाच्या वतीनें त्यास दुसऱ्यांकडे मजुरीस लाविलें. ज्या यंत्रानें सायरसचें नांव झालें, त्याचीं पहिलीं लोखंडें ज्या हातांनीं ठोकलीं, ते हात भाड्यानें दिले गेले.

आम्ही न्यायानें बोलूं इच्छितों. कायदा आडवा होता हें खरें: व्हर्जिनियांत १८०६ सालापासून असा निर्बंध होता कीं, मोकळ्या केलेल्या गुलामानें वर्षाच्या आंत तो प्रांत सोडून जावें, आणि पुढें १८५३ त इलिनॉयनेंही काळ्या लोकांनीं आपल्या हद्दींत येऊन राहूं नये असा कायदा केला. तथापि सायरस मॅककॉर्मिक कायद्यास पाहून परत फिरणारा मनुष्य नव्हता. आपल्या पेटंटासाठीं त्यानें मोठमोठे वकील देऊन वर्षानुवर्षें न्यायालयांचे उंबरठे झिजविले. जॉन मॅनी नामक कारखानदारावर त्यानें लाविलेल्या फिर्यादींत प्रतिवादीच्या वकिलांत पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहाम लिंकन होता. तो दावा सायरस हरला, तरी त्यानें तो वरिष्ठ न्यायालयापर्यंत नेला. १८६२ सालीं एका रेल्वे कंपनीनें सामानाचे ८ डॉलर ७० सेंट जास्त मागितले. रागानें तो बायकामुलांसह गाडीतून उतरला, सामान पुढें गेलें व जळालें. त्याबद्दल त्यानें सुमारें वीस वर्षें दावा चालविला व त्याच्या मरणानंतर तो जिंकला गेला. इतका चिवटपणा ज्याच्या अंगीं होता, त्यानें त्यांतला थोडासा आपल्या लोहारशाळेंतल्या सोबत्यासाठीं खर्चिला असता, तर आम्हांस हें चरित्र अधिक आनंदानें सांगतां आलें असतें. प्रेषित पौलानें एका पळालेल्या गुलामाविषयीं फिलेमोनास जें लहानसें पत्र लिहिलें, तें सायरसच्याही पवित्र शास्त्रांत होतेंच.

धंदा मात्र अतिशय वाढला, व त्याचें कारण केवळ यंत्र नव्हे. सायरसनें विकण्याची एक नवी रीत पाडिली. यंत्राची किंमत १२० डॉलर, ती सर्वांस एकच व छापून प्रसिद्ध केलेली, घासाघीस नाहीं. शेतकऱ्यानें प्रथम ३० डॉलर द्यावे व बाकी कापणी होऊन पीक विकल्यावर डिसेंबरांत भरावी. यंत्रानें सांगितल्याप्रमाणें काम न केल्यास परत घेण्याची लेखी हमी. गांवोगांव एजंट, मोडलेला भाग जवळच मिळावा अशी व्यवस्था. आपल्याकडे शेतकरी पेरणीच्या वेळीं सावकाराच्या दारीं किती व्याजानें बांधला गेला आहे, हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास पिकाच्या वेळेस जुळणाऱ्या ह्या हप्त्याचें महत्त्व लगेच कळेल. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत हें यंत्र ठेविलें, तेव्हां तेथील वर्तमानपत्रांनीं प्रथम त्याची टर उडविली. मग पावसाळी दिवशीं ओलसर हिरव्या पिकांत त्याची परीक्षा झाली, आणि त्यास मोठें पदक मिळालें.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो अविवाहित होता. जानेवारी १८५८ त त्यानें नेटी फौलर हिच्याशीं लग्न केलें. ही बाई धर्मशील व व्यवहारांत त्याच्या तोडीची होती. धंद्यांतील पुष्कळ पत्रें पुढें तिच्या नजरेखालून जात. १८५९ सालीं सायरसनें प्रेस्बिटेरियन मंडळीची एक धर्मशिक्षणशाळा शिकागोस आणण्यासाठीं व तेथें चार अध्यापक नेमण्यासाठीं एक लाख डॉलर दिले. पाळकांस शिक्षण देणाऱ्या शाळेची काय किंमत असते, हें अशाच एका शाळेच्या अन्नावर वाढलेल्या आमच्यासारख्यांनीं विसरूं नये. परंतु देणग्या देतांना तो आपलें मतही मागें लावून देई. गुलामगिरीविरुद्ध उघड बोलणारे अध्यापक त्यास रुचत नसत, आणि ह्या कारणानें त्या शाळेंत युद्धानंतरही कटुता राहिली.

१८६१ सालीं उत्तर व दक्षिण ह्यांचें युद्ध पेटलें. सायरस जन्मानें दक्षिणेचा. तडजोड व्हावी, युद्ध थांबावें, असें त्याचें म्हणणें. १८६४ त त्या मतावर तो प्रतिनिधिसभेच्या निवडणुकीस उभा राहिला व पडला. आणि देवाची योजना पाहा! त्याच्या यंत्रांनीं उत्तरेकडील शेतें कापलीं, म्हणून तेथील हजारों तरुण पीक न नासतां सैन्यांत जाऊं शकले. तोच गहूं सैन्यानें खाल्ला व परदेशींही विकला गेला. ज्या युद्धास तो प्रतिकूल होता, तें जिंकण्यास त्याच्याच यंत्राचें साह्य झालें. आणि त्या युद्धाच्या अखेरीस, १८६५ सालीं, जो अँडरसन मोकळा मनुष्य झाला. पुढें त्याच्या उतारवयांत मॅककॉर्मिककडून त्यास कांहीं मदत पोंचत असे.

ऑक्टोबर १८७१ मध्यें शिकागो शहरास ती प्रसिद्ध आग लागली व कारखाना जळून राख झाला. सायरसचें वय बासष्ट. पैसा गांठीं पुष्कळ. विसांवा घेतला असता तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. कारखाना पुन्हां बांधावा कीं नाहीं, हें त्यानें पत्नीस विचारिलें. ताबडतोब बांधावा, असा तिचा सल्ला पडला. शहराच्या दुसऱ्या भागीं अधिक मोठा कारखाना उभा राहून १८७३ त चालूं झाला.

घरांतली आग मात्र विझली नाहीं. यंत्र खरोखर कोणी शोधिलें, बापानें कीं सायरसनें, ह्यावरून लिअँडर व सायरस ह्यांचें वितुष्ट आलें. भागीदारीच्या पैशाचाही वाद त्यांत होताच. आमच्या खेड्यांत बांधाच्या वितीवरून भाऊ भावास बोलत नाहीं, तसेंच तें लक्षाधीशांचें. १८८४ च्या मे महिन्याच्या १३ व्या तारखेस सायरस वारला. तो गेल्यावरही लिअँडरनें बापाची बाजू मांडणारें पुस्तक छापविलें. आम्हांस दोघांच्याही म्हणण्यांत कांहीं सत्य दिसतें. बापाच्या चुकांवर पाय देऊन मुलगा वर चढला, हें उघड आहे. पण यंत्र कोणाचें ह्यावर दोघे भाऊ इतकीं वर्षें झगडले, त्या झगड्यांत तिसरें नांव मागें पडलें.

सायरसच्या व त्याच्या कंपनीच्या पत्रांच्या नकला ठेविलेल्या असत. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबून ती नक्कल काढीत. असे असंख्य कागद आज विस्कॉन्सिन संस्थानांत मॅडिसन शहरीं इतिहाससंस्थेच्या संग्रहीं आहेत, आणि अभ्यासक ते चाळीत असतात. वॉलनट ग्रोव्हची वाडी कुटुंबानें १९५४ सालीं शेतकीच्या संशोधनासाठीं देऊन टाकिली. जुनी लोहारशाळा तेथें अजून राखलेली आहे. यंत्राच्या पहिल्या परीक्षेस शंभर वर्षें झालीं त्या साली, म्हणजे १९३१ त, सायरसच्या नातवानें त्या यंत्राचा इतिहास लिहिला. त्यांत त्यानें जो अँडरसन ह्याचें नांव घालून, आजोबांबरोबर यंत्र घडविणारा हा मनुष्य मानास पात्र आहे, असें स्पष्ट नमूद केलें.